तळोद्याची सिंगारमेज

जानेवारीत नंदुरबारहून बाहेर पडले की दोन्ही बाजूंना मिरचीच्या पथारी लागतात. शेतेच्या शेते लाल. गाडीच्या काचा बंद असल्या तरी ठसका लागायचा तो लागतोच. पुढे प्रकाशाच्या पुलावरून तापी ओलांडायची, मग ऊस, केळी, पपई आणि समोर सातपुडा जवळ येऊ लागला की तळोदा आले. हा रस्ता आम्ही लहानपणापासून ईदला आणि लग्नकार्याला केलेला. या वेळी मात्र एका जुन्या लाकडी सामानासाठी निघालो होतो.

तळोद्याला आमच्या चाचांचे मातीच्या भिंतींचे आणि सागाच्या खांबांचे घर आहे. ते पाडून स्लॅबचे घर बांधायचे ठरले होते. चाचांचा फोन आला, "दादीची सिंगारमेज एक व्यापारी पंधरा हजाराला मागतोय. नव्या घरात ठेवायला जागा नाही. देऊन टाकू का? एकदा बघून जा." रविवार होता. आम्ही दोघे आणि धाकटी मुलगी निघालो.

दादी मूळच्या सुरतेच्या. फाळणीच्या आदल्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि ही मेज त्यांच्याबरोबर आली. सुरत-भुसावळ रेल्वेने नंदुरबार स्टेशनपर्यंत, मग बैलगाडीने आणि तापीवर नावेतून, असे फुफी सांगतात. नंदुरबारचे सुरतेशी नाते तसे फार जुने. मोगल काळात सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी रस्ता नवापूर-नंदुरबारवरूनच जात असे. टॅव्हर्निए या फ्रेंच प्रवाशाने सतराव्या शतकात नवापूरच्या सुवासिक तांदळाचे कौतुक लिहून ठेवले आहे. तेव्हा आमच्या घरात सुरतेचे लाकूड येणे यात नवल काही नाही.

मेज पडवीत, धान्याच्या कोठीशेजारी उभी होती. वर अंडाकृती आरसा, कडेने डाग पडलेला. खाली मोठे दोन आणि छोटे चार खण. लाकूड सागवान, पण धूर आणि हात लागून लागून काळे झालेले. प्रत्येक खणाच्या कडेने बोटभर रुंदीची नक्षीची पट्टी होती. धूळ पुसल्यावर पांढरे, काळे, हिरवे असे बारीक तारे उठून दिसू लागले. मुलगी म्हणाली, "किती बारीक पेंट केलंय!"

तो रंग नव्हता. सुरतेत या कामाला सादेली म्हणतात. लाकूड, हाड किंवा हस्तिदंत, कथील अशा वेगवेगळ्या जिनसांच्या उदबत्तीसारख्या बारीक काड्या करायच्या, त्यांचे टोक त्रिकोणी किंवा चौकट राहील असे तासायचे आणि सरस लावून त्यांची घट्ट जुडी बांधायची. जुडी वाळली की काकडीच्या चकत्या कराव्यात तशा आडव्या चकत्या कापायच्या. प्रत्येक चकतीत तोच तारा. मग त्या लाकडावर चिकटवून घासून गुळगुळीत करायच्या. इराणात हीच कला खातमकारी म्हणून चालते. गुजरातेत पारशी कारागिरांनी ती सांभाळली. पारशी लोकांत पेटीगरा हे आडनाव आहे, ते पेट्या करणाऱ्यांचे. सुरत-मुंबईच्या या पेट्या एकोणिसाव्या शतकात विलायतेला इतक्या गेल्या की तिकडे त्यांना 'बॉम्बे बॉक्स' असेच नाव पडले.

आम्ही हे सांगत होतो तेवढ्यात व्यापारी स्वतःच आला. माणूस बोलका. मेजेवर हात फिरवत म्हणाला, "मास्तर, यात हस्तिदंत आहे. घरात ठेवणं पण धोक्याचं. फॉरेस्टवाल्यांना कळलं तर म्हातारपणी चाचांना कोर्टाच्या चकरा. मी रिस्क घेऊन नेतोय." चाचांचा चेहरा उतरला. पंधरा हजाराचा भाव पक्का होण्यामागचे कारण आमच्या लक्षात आले.

हस्तिदंताचा कायदा कडक आहे, हे खरे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनंतर भारतात हस्तिदंताचा व्यापार पूर्णपणे बंद झाला. वस्तू वाडवडिलांची असली तरी ती विकता येत नाही. पण मग ती विकत घेता तरी कशी येईल? हे आम्ही त्याला विचारले तेव्हा तो आरशाकडे बघू लागला.

मुलीच्या दप्तरात शाळेचे भिंग होते. आम्ही एक खण बाहेर काढून उजेडात नेला. हाड आणि हस्तिदंत ओळखण्याची साधी खूण अशी की हाडात रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्या असतात. त्या घासलेल्या पृष्ठभागावर काळसर ठिपके किंवा छोट्या रेघा होऊन दिसतात. हस्तिदंतात तसे ठिपके नसतात. त्याच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या नाजूक रेषा दिसतात. प्लास्टिकमध्ये यातले काहीच नाही. भिंगाखाली ठिपकेच ठिपके होते. मुलगी मोजायला बसली. पुढे तळोद्यातल्या एका जाणत्या सुतारबाबांनीही पाहून हाडच असल्याचे सांगितले.

व्यापाऱ्याने चहा घेतला आणि भाव पंचवीसवर नेला. जाताना म्हणाला, "आणि हे काही अँटिक नाही, नुसतं जुनं आहे." ते मात्र त्याचे खरे होते. आपल्या कायद्यात असल्या वस्तूला पुरावस्तू म्हणायला निदान 100 वर्षे लागतात. फक्त घेताना वस्तू जुनी असते आणि विकताना अँटिक होते, एवढाच त्यांचा हिशेब.

सुतारबाबांनी मेज उलटी करून दाखवली. खणांचे कोपरे कबुतराच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकवलेले, खिळा एकही नाही. आमच्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि पावसाळ्यात फुगते. अशा सांध्याला दोन्ही सोसते. आमच्या घरी सात वर्षांपूर्वी हप्त्याने घेतलेले भुशाच्या फळ्यांचे कपाट आहे. एका पावसाळ्यात त्याचा तळ पापडासारखा फुगला, आणि दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला की नवीनच घ्या. जुन्या सरसाचे तसे नसते, उष्णता आणि ओल दिली की तो सुटतो, नवा लावून बसवता येतो. सादेलीचे निघालेले सात-आठ तारे एका खणातच पडले होते. बाबांनी ते काडेपेटीत घालून आमच्या हाती दिले आणि मेजेची किंमत चाळीस हजार धरली.

किंमत निघाली तेव्हा आम्ही चाचांना विचारले, "यात फुफीचा हिस्सा किती?" चाचा गप्प राहिले. मग म्हणाले, "तिने कधी मागितला नाही."

मागितला नव्हता, हे खरे. आमच्याकडे बहिणी मागत नाहीत. माहेर तुटेल अशी भीती असते. पण मेज दादांची नव्हती, दादीची स्वतःची होती आणि दादी गेल्या तेव्हा त्यांच्या मागे दोन मुलगे आणि एक मुलगी होती. शरियतप्रमाणे पाच भाग, दोन-दोन भावांचे आणि एक बहिणीचा. चाळीस हजारांत फुफीचे आठ. दादींना जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली. वर्गात आम्ही मुलांना अपूर्णांक शिकवतो आणि हे गणित आमच्याही डोक्यात कधी आले नव्हते. चाचांना बोल लावायला तोंड नव्हते.

नंदुरबारला परतल्यावर फुफींना विचारले. त्या थोडा वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, "पैसे नकोत बेटा. मेज मिळेल का?"

अब्बा हयात नाहीत. अम्मी आणि आम्ही भावंडांनी त्यांचा हिस्सा फुफींना हिबा केला. चाचाही आपला सोडायला तयार झाले, पण फुफींनी ऐकले नाही. "तुला घर बांधायचंय, सिमेंटचा भाव मला माहीत आहे," म्हणत त्यांनी सोळा हजार मोजून पाठवले. चाचांनी ते घेताना आमच्याकडे पाहिले नाही.

फेब्रुवारीत टेम्पोतून मेज नंदुरबारला आली. गोधड्यांत गुंडाळली होती तरी आरशाला एक नवी चीर गेली. फुफींच्या दोन खोल्यांत ती मावेना. शेवटी लोखंडी कपाट गॅलरीत गेले. खालचा डावा खण कुणाला उघडेना. जावयाने ओढला, आम्ही ओढला. फुफी उठल्या, खण जरासा वर उचलून डावीकडे सरकवला आणि बाहेर घेतला. त्यात चाचांच्या घरच्या गव्हाचे दाणे आणि उंदराने कुरतडलेली एक कंगवी होती. फुफींनी कंगवी टाकू दिली नाही. आता आरसा बदलायचा की चीर तशीच ठेवायची यावर मायलेकींत वाद चालू आहे. काडेपेटीतले तारे बसवायला सुतारबाबा होळीनंतर येतो म्हणाले आहेत.