सुरांचा अपरिग्रह

नाट्यवेड्या लोटू पाटलांच्या आमच्या सोयगावात संगीत नाटकाचा विषय निघाला की बालगंधर्वांचे नाव येतेच. बालवयात शेजारच्या जळगावी मेहबूबखाँकडे गाणे शिकलेले नारायण श्रीपाद राजहंस १९६७ साली निवर्तले. मागे उरल्या लाखेच्या तबकड्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे.

पेढीच्या जुन्या चोपड्यांसोबत अशा तबकड्याही कित्येक घरांच्या माळ्यावर पडून असतात. उष्णतेने त्या वाकतात, हातून निसटताच फुटतात. आपण त्यांना वडिलोपार्जित ठेव म्हणतो. पण कधीच न वाजणारी ठेव हा केवळ परिग्रह होय. त्या जाणत्या संग्रहालयाकडे सोपवाव्यात, त्यांतील गाणे नव्या माध्यमावर उतरवून घ्यावे. वस्तूचे ममत्व सुटेल, स्वर मात्र सर्वांचा होईल. हेही ज्ञानदानच.