खालचं काजळ

"मी मेकअप करत नाही, काजळ तेवढं घालते." हे वाक्य आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल त्याचा हिशेब नाही. म्हणताना मान किंचित ताठ व्हायची. काजळ म्हणजे मेकअप नव्हेच, ही आमच्या घरची समजूत. आजी एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी उपडी धरायची, जमलेली काजळी थेंबभर तुपात कालवायची आणि घरातल्या प्रत्येक पोराच्या डोळ्यांत भरायची. विकत आणला तो नट्टापट्टा, घरात केलं ते वळण. मीही रोज खालच्या कडेला बोट फिरवत राहिले. डबीची पुढे पेन्सिल झाली, समजूत तीच राहिली.

स्टाफरूममध्ये मराठी शिकवणाऱ्या एक बाई होत्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली तरी वरच्या पापणीवर बारीक रेघ आणि हलकी तपकिरी छटा लावून यायच्या. खाली काजळाचा ठिपकासुद्धा नाही. त्या दारातून आत आल्या की मी हळूच म्हणायचे, "झाली तिसरी घंटा." सगळ्याजणी हसायच्या. मी विज्ञान शिकवत असे, आणि विज्ञानाच्या बाईनं असल्या गोष्टींना हसायचं असतं असा माझा एक समज होता.

माझे डोळे उतरू लागले ते मला आधी कळलंच नाही, लोकांना कळलं. भाजीवाली विचारायची, "झोप झाली नाही का ताई?" जुना विद्यार्थी भेटला तर, "बाई, बरं नाही का?" मग पुतण्याच्या लग्नाचा अल्बम आला. प्रत्येक फोटोत मी कुणावर तरी रागावलेली. त्या दिवशी मी कुणावरही रागावले नव्हते. (पंगतीत थोडीशी, पण तो विषय वेगळा.)

नेत्रतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी प्रश्नच विचारले. हे एकाच डोळ्याला अचानक झालं का? सकाळी बरं असतं आणि संध्याकाळी पापणी जास्त पडते का? एकाच्या दोन वस्तू दिसतात का? यातलं काहीही असतं तर स्नायूचा किंवा मज्जातंतूचा आजार आहे का, हे आधी बघावं लागलं असतं. तसं काही नव्हतं. पापणीची कातडी शरीरातली सर्वांत पातळ. वयानं ती सैल होते आणि घडीवरून खाली ओघळते. शिवाय पापणी उचलणाऱ्या स्नायूचा पट्टा ताणून सैल पडतो, तो प्रकार वेगळा. कधीकधी दोन्ही एकदम होतं. पापण्या चिकटपट्टीनं वर धरून आणि सोडून, अशी दोनदा नजरेची कक्षा तपासली. फारसा फरक नव्हता. "दिसायला अडथळा नाही, ऑपरेशनची गरज नाही," डॉक्टर म्हणाले. जाता जाता त्यांनी काजळाबद्दलही विचारलं. बाजारातल्या काही सुरम्यांमध्ये शिसं सापडलेलं आहे, हे मी शाळेत मुलांना सांगायचे. स्वतःच्या पेन्सिलीवरची अक्षरं कधी वाचली नव्हती.

म्हणजे आजार नाही, औषध नाही. 'आता वय झालं' म्हणून गप्प बसायचं मी ठरवलं होतं. गप्प बसू दिलं नाही ते भाचीनं. ती नोकरी करते आणि लग्नसराईत नवऱ्या सजवते. आमचा पहिला अर्धा तास गोंधळातच गेला, कारण मराठीत पापणी म्हणजे डोळ्यावरचं झाकणही आणि त्याच्या कडेचे केसही. "पापणी वर कर" म्हटल्यावर नेमकं काय वर करायचं?

मग तिनं मला खिडकीपाशी बसवलं. मी सवयीनं डोळे मिटले.

"मावशी, डोळे उघड."

"रेघ काढताना मिटायचे असतात ना?"

"पंचविशीतल्या मुलीनं. तू काय डोळे मिटून बाजारात जातेस?"

सगळी मेख या एका वाक्यात होती. मिटलेल्या पापणीवर कितीही सुबक रेघ काढा, डोळा उघडला की वरची कातडी तिला गिळून टाकते. म्हणून आरसा समोर, नजरेच्या रेषेत धरायचा आणि भुवया सैल सोडायच्या. पापण्या उतरलेल्या बायका नकळत भुवया उचलून बघतात, आणि तशा उचललेल्या असताना काढलेलं सगळं नंतर खाली येतं. डोळे उघडे ठेवून बघायचं की ओघळलेल्या कातडीची घडी कुठे आहे. तिच्या किंचित वर तपकिरी, बिनचमकीची छटा लावायची आणि वरच्या बाजूला विरवत न्यायची. चमकीची छटा सुरकुत्यांत जाऊन बसते आणि एकेक सुरकुती मोजून दाखवते. रेघ काढायची ती वरच्या केसांच्या मुळांमध्ये, जवळजवळ दिसणार नाही इतकी बारीक. बाहेरच्या कोपऱ्याकडे पापणी खाली झुकते, तिच्यामागे रेघेनं जायचं नाही. अलीकडेच थांबून टोक भुवईच्या शेवटाकडे उचलायचं. मग केस कर्लरनं वळवायचे. त्या चिमट्याची मला भीती वाटली, अजूनही वाटते. मस्करा फक्त वरच्या केसांना.

केसांवरून आठवलं. माझ्या नणंदेला काचबिंदूचे थेंब घालावे लागतात आणि तिच्या पापण्यांचे केस काय वाढलेत! तसल्याच थेंबांतलं एक औषध 2008 साली अमेरिकेत केवळ केस वाढवण्यासाठी मंजूर झालं. मात्र त्याच थेंबांनी काहींचे डोळे खोल जातात, पापणी जास्त उतरते. सौंदर्यासाठी मागू नका.

"आणि खालचं काजळ बंद," भाची म्हणाली. मी भांडले. घरचं वळण, आजी, वाटी, सगळं काढलं. शेवटी ठरलं, प्रयोग करू. उजवा डोळा तिच्या पद्धतीनं, डावा माझ्या. कागदानं आळीपाळीनं अर्धा चेहरा झाकून बघायचं. साक्षीला कामाच्या मावशींना बोलावलं. त्यांनी क्षणभरही विचार न करता डावीकडे बोट दाखवलं, "ही बाई दमलीय." वरून कातडीची सावली, खालून काळी रेघ आणि मध्ये चिमटीत सापडलेला डोळा. गेली कित्येक वर्षं मी रोज सकाळी स्वतःच्या हातानं हे करत होते आणि त्याला साधेपणा म्हणत होते.

लगेच जमलं असं नाही. एका केळवणाला मी एकटीनं सगळं करून गेले. श्रीखंड येईपर्यंत दोन रेघांचे वरच्या कातडीवर दोन छापे उठले होते. दोष खोबरेल तेलाचा. रात्री पापण्यांना तेल चोळायची माझी सवय, आणि तेलावर कुठलीच पेन्सिल टिकत नाही. आता सकाळी पापणी पुसून घेते, बोटाच्या टोकावर येईल इतकी पावडर लावते.

दहा वर्षांनी लहान दिसण्याच्या गोष्टी मला अजूनही पटत नाहीत. हे सगळं करून मी 62 वर्षांचीच दिसते, फक्त झोपेची चौकशी थांबली आहे.

निवृत्त शिक्षकांच्या मेळाव्यात त्या मराठीच्या बाई भेटल्या. मी विचारलं, "बाई, खालचं काजळ कधी सोडलंत?" त्या म्हणाल्या, "त्रेपन्नाव्या वर्षी. तुम्हालाही सांगणार होते, पण तुम्ही मेकअप करत नाही ना." तिसऱ्या घंटेचं कबूल करायचा धीर तिथे झाला नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

पुढच्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. त्यानंतर महिनाभर डोळ्यांना काहीही लावायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. मला तो महिना जड जाणार आहे.