सेनापती बापट रस्त्याचा चढ

मार्चमधल्या एका रविवारी तळेगावला लग्नाला निघालो, तर कार सुरूच होईना. किल्ली फिरवली की नुसती टकटक. मेकॅनिक आला, त्याने दुसऱ्या बॅटरीला केबल जोडून कार चालू केली आणि विचारलं, "ताई, किती दिवस उभी आहे?" मी बोटांवर मोजलं. एकवीस दिवस. "बॅटरी जुनी, त्यात उभी ठेवलेली. उतरणारच. आठवड्यातून एकदा तरी फिरवून आणत जा." बारा वर्षं रोज सकाळी साडेआठला जिचं दार उघडलं, तिला आता मुद्दाम फिरवून आणायचं होतं. आपलं खरंच सगळं बदललंय, हे मला त्या दिवशी कळलं.

मी कोथरूडला मयूर कॉलनीजवळ राहते. पाषाण रस्त्यावरच्या एका संस्थेत हिशेब विभागात काम करते. वाट ठरलेली : नळ स्टॉप, लॉ कॉलेज रस्ता, सेनापती बापट रस्ता, विद्यापीठ चौक आणि पुढे पाषाण रस्ता. एका बाजूचे नऊएक किलोमीटर. 2020 मध्ये विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल पाडले, पाठोपाठ मेट्रोचं काम सुरू झालं, आणि या नऊ किलोमीटरला कधी पस्तीस मिनिटं लागू लागली, कधी सव्वा तास. किती वाजता पोहोचेन, हे घरच्यांना सांगणं मी सोडूनच दिलं होतं.

लॉ कॉलेज रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये सरकताना डाव्या हाताला वेताळ टेकडी दिसते. टेकडीच्या कडेने बालभारती ते पौड फाटा असा रस्ता करायची योजना आहे. तो झाला की माझी वीस मिनिटं वाचतील, असा हिशेब मी कितीदा तरी केला होता. 2023 मध्ये टेकडी वाचवायला पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले, तेव्हा मला त्यांचा राग आला होता. वीस मिनिटांसाठी मी टेकडी द्यायला निघाले होते. आज हे लिहितानाही जड जातं.

त्याच वर्षी रक्तातली साखर काठावर आली. गुडघे तर आधीपासूनच कुरकुरत होते. डॉक्टर म्हणाले, रोज पाऊण तास शरीर हललं पाहिजे. आणायचा कुठून पाऊण तास? सकाळचा स्वयंपाकात जातो, संध्याकाळचा ट्रॅफिकमध्ये. मग वाटलं, ट्रॅफिकमधलाच का वापरू नये?

साधी सायकल आधी करून पाहिली. भाच्याची, गिअरची. जाताना विद्यापीठ गाठेपर्यंत ब्लाउज घामाने चिंब झाला आणि संध्याकाळी परतताना चतुःशृंगीपासूनचा चढ मी उतरून, सायकल ढकलत चढले. सेनापती बापट रस्ता वेताळ टेकडी आणि हनुमान टेकडी यांच्या मधल्या खिंडीतून जातो. जाताना चढ, येताना पुन्हा चढ. कारमध्ये बारा वर्षांत तो मला कधी जाणवला नव्हता.

मग इलेक्ट्रिक सायकल घ्यायचं ठरवलं आणि सासूबाईंना सांगितलं. त्यांचं वय ब्याऐंशी. सदाशिव पेठेतून फर्ग्युसनला त्या चार वर्षं सायकलवरून गेल्या. मला वाटलं, 'आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही' असं म्हणतील. त्या म्हणाल्या, "अगं, आमचं पुणं नदीकाठचं, सपाट. लांबात लांब जाऊन जायचं कुठे? तुमचं पुणं टेकड्यांवर चढलंय. त्याला मोटर हवीच." गेली चाळीस वर्षं आपण पुण्याची सायकल गेली म्हणून हळहळतो आणि माणसं आळशी झाली म्हणतो. खरं कारण सासूबाईंच्या या चार वाक्यांत आहे. अंतरं वाढली, घरं चढावर गेली आणि पाय होते तेवढेच राहिले.

इलेक्ट्रिक सायकल घेतली ती चाळीस हजारांच्या आतबाहेर. मागच्या चाकाच्या मध्यात 250 वॅटची मोटर, दांडीवर कुलपाची बॅटरी, 36 व्होल्ट आणि 10 अँपिअर-तासांची. आपण पायडल मारलं की मोटर साथ देते, थांबलो की थांबते, ब्रेक दाबला की तत्क्षणी बंद होते. ताशी 25 किलोमीटरच्या वर ती मदतच करत नाही. मोटर 250 वॅटच्या आत आणि वेग 25 च्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, परवानाही लागत नाही. साधारण माणूस तासभर सलग पायडल मारून शंभरएक वॅटची ताकद काढू शकतो. म्हणजे चढावर मागून दोन-अडीच माणसं हात लावत असावीत, असं ते वाटणं असतं. आपले पाय मात्र चालूच राहतात. स्कूटर का नाही घेतली, असं अजून लोक विचारतात. त्याचं उत्तर हेच. मला पायांना काम द्यायचं होतं, फक्त हरवायचं नव्हतं त्यांना.

पहिल्या सकाळी सिंबायोसिसच्या चढाला लागले, मदतीचा टप्पा दोनवरून तीनवर नेला, आणि श्वास न लागता वर पोहोचले. वर आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. बावन्नाव्या वर्षी शरीर आपल्याला काहीतरी परत देईल, अशी अपेक्षा मी सोडली होती.

अडतीस मिनिटं लागतात. सोमवार असो, गणपती असोत, चौकात काहीही असो, फार तर चाळीस. पैशांचं सांगायचं तर हिशेबाचंच माझं काम : कार शहरात लिटरला अकरा किलोमीटर देई, जाऊन-येऊन रोजचं पावणेदोनशे रुपयांच्या घरात पेट्रोल. सायकलची बॅटरी पूर्ण भरायला अर्धा युनिटही वीज लागत नाही आणि एका भरण्यात माझ्या दोन्ही फेऱ्या होऊन वर उरते. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलावी लागेल, तो खर्च मोठा आहे. तो धरूनही आकडे जवळपास येत नाहीत. पण आकड्यांपेक्षा मला वजनाचं जास्त वाटतं. साठ किलोची मी, आणि मला न्यायला नऊशे किलो लोखंड रोज त्या चढावर चढत होतं.

आणि हवा. वर्तमानपत्रात शिवाजीनगर आणि पाषाण यांचं तापमान वेगवेगळं छापतात, ते कशाला, असं मला वाटायचं. डिसेंबरात विद्यापीठ चौक ओलांडून पाषाण रस्त्याला लागलं की बोटं एकदम गारठतात. एप्रिलमध्ये सोनमोहराच्या पिवळ्या सड्यावरून चाक जातं, तेव्हा तो सडा आधी नाकाला कळतो.

त्रास झालेच. मागच्या चाकाला मोटर असल्याने पंक्चरवाले हात लावायला कचरतात. चाक न काढता एका बाजूने टायर उचकटून ट्यूब बाहेर ओढता येते, हे मी नळ स्टॉपजवळच्या काकांना दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ते मलाच शिकवू लागले. जुलैत एकदा भर पावसात मोटर बंद पडली. पाणी साचलेल्या रस्त्यातून आले होते, मोटरच्या जोडणीत पाणी शिरलं. बावीस किलोची सायकल, अंधार, रेनकोटात घाम, आणि समोर तोच चढ. वाटेत तीनदा थांबत चढले. उतरले मात्र नाही. आता ती जोडणी रबरी टेपने गुंडाळलेली असते, आणि बॅटरी तापलेली असताना लगेच चार्जिंगला लावत नाही, अर्धा तास निवू देते.

भीती मात्र अजून आहे. सायकलींसाठी राखलेली पट्टी जागोजागी तुटते, आणि जिथे असते तिथे तिच्यावर चारचाक्या उभ्या असतात. पूर्वी माझीही उभी असे. आता त्यांना वळसा घालायला मला धावत्या बसच्या अंगावर जावं लागतं. पाच मिनिटांसाठी लावलेल्या कारमुळे कोणाचा जीव टांगणीला लागतो, हे आत बसून कळत नाही, आणि ते कळायला हवं होतं याचं मला फार वाटतं.

संस्थेत पहिल्या आठवड्यात खूप कौतुक झालं. साहेबांनी हात मिळवला, पर्यावरण वगैरे बोलले. फाटकावरचे सुरक्षारक्षक सुतारवाडीहून गेली नऊ वर्षं साध्या काळ्या सायकलवर येतात. बागेतले माळी येतात, कॅन्टीनमधली दोन मुलं येतात. त्यांच्याशी कोणी हात मिळवलेला नव्हता. कारना पत्र्याची शेड आणि सायकली मात्र कुंपणाला टेकवलेल्या, उन्हात. बॅटरी उन्हात ठेवायची नसते म्हणून मला पहिल्याच दिवशी शेडमध्ये कोपरा मिळाला. त्या कोपऱ्यात सायकल लावताना मला रोज अवघडायचं.

सगळ्या सायकलींना शेडमध्ये जागा द्यावी, असा मी अर्ज लिहिला. रक्षकदादांची सही घ्यायला गेले, तर ते म्हणाले, "मॅडम, माझी कशाला? माझी सायकल काय उन्हाने बिघडते?" म्हटलं, "दादा, सीट तापते की नाही?" ते हसले आणि सही केली. अर्ज दोनदा परत आला. जागा नाही म्हणे. तिसऱ्यांदा मी माझी कारची राखीव जागा सोडत असल्याचं लिहून दिलं.

मेमध्ये त्या जागेत पट्ट्या आखल्या, लोखंडी कठडा बसवला. एका कारच्या जागेत दहा सायकली बसतात. परवा सकाळी मोजल्या तर नऊ होत्या. दहावी जागा रक्षकदादांनी माझ्यासाठी दोरी बांधून धरून ठेवली होती. मी ती दोरी सोडली आणि सायकल त्यांच्या काळ्या सायकलशेजारी लावली.