पोराचे पान

कोर्लईची ख्रिस्ती मंडळी आपसांत बोलू लागली, की आम्हां रेवदंडेकरांना काही कळत नाही. मधे फक्त खाडी. तिच्यावरही आता पूल आहे. पोर्तुगीज 1740 साली चौल सोडून गेले, पण त्यांच्या भाषेतून घडलेली बोली या गावाने सोडली नाही. माझी जुनी विद्यार्थिनी मात्र त्या दिवशी दारात येऊन शुद्ध मराठीत म्हणाली, "गुरुजी, अनौरस म्हणजे काय हो?"

तिचे लग्न चर्चमध्येच झालेले. नवरा बोटीवर. पुढे कळले, त्याचे आधीच कुठल्याशा बंदरात रीतसर लग्न लागले होते आणि ती बायको हयात होती. धर्मन्यायालयाने निकाल दिला, की हिचे लग्न मुळात झालेच नाही. मुलगा तोवर सहा वर्षांचा. मासळी वाळत घालताना कुणीतरी बोलले, "लग्नच नाही, तर पोर कुणाचं?"

मला शब्दाची व्युत्पत्ती सांगता आली असती. कायदा ठाऊक नव्हता. (नाक मुरडायलाही जागा नव्हती. आमच्या सरदारी वाड्यांतले लेकावळे आठवले.) मी तिच्याबरोबर फादरांकडे गेलो.

त्यांनी 1983 ची धर्मसंहिता उघडली. कलम 1137: वैध किंवा वैध समजून केलेल्या विवाहाची संतती औरस. दोघांपैकी एकाने जरी प्रामाणिकपणे लग्न केले असेल, तरी पुरे. खरे काय ते दोघांनाही कळेपर्यंत तो विवाह तसाच मानला जातो.

"मला कुठं ठाऊक होतं, फादर!"

"म्हणून तर मुलगा औरस."

1917 च्या संहितेत अनौरस मुलाला खास सूट मिळाल्यावाचून धर्मगुरू होता येत नसे, ती अट आता गेली, असेही ते म्हणाले.

"मग शब्द तरी कशाला ठेवलात?" तिने विचारले. फादर चष्मा पुसत राहिले.

निकालाची नोंद लग्नाच्या वहीत आणि तिच्या बाप्तिस्म्याच्या पानावर होते; मुलाच्या पानावर होत नाही. तिला ते डोळ्यांनी पाहायचे होते. फादरांनी वही काढली. मुलाचे नाव, आईचे, बापाचे, तारीख. शेजारची जागा कोरी. तिने ओळीवरून हळूच बोट फिरवले.

"ह्याची नक्कल कधी मिळेल?" ती म्हणाली. "जूनमध्ये त्याला बोर्डिंगात घालायचंय."