निजलेले कंद

तळकोकणातल्या आमच्या घरामागे फणस, जांभूळ आणि दोन जुने रायवळ आंबे आहेत. त्यांच्याखाली भर दुपारीही ऊन उतरत नाही. आईच्या हयातीत तिथे भुईचाफा, सोनटक्का, रानहळद अशी दाटी असे. ती गेल्यावर घर सात वर्षं बंद राहिलं आणि ती सावली ओकीबोकी झाली. ती पुन्हा भरायची म्हणून मी पुण्याहून परत आले. सात वर्षांत झालं नसेल एवढं नुकसान मी एका वर्षात केलं.

वैशाखात आल्या आल्या सगळा पातेरा झाडून जाळला. अंगणासारखी ती जागाही मला स्वच्छ हवी होती. झाडाखाली पाऊस हलका पडत असेल असं मला वाटे. प्रत्यक्षात पानांवर पाणी साठून जाड थेंब गळतात आणि ते उघड्या मातीला जास्त उकरतात. तो मार झेलायला पातेरा असतो. मृगाच्या दोन सरींत लाल माती गडग्यापर्यंत वाहत गेली आणि फणसाची मुळं उघडी पडली.

शेजारच्या काकींनी भुईचाफ्याचे कंद दिले होते. पावसात त्यांना जांभळ्या पाठीची सुरेख पानं आली. कार्तिक सरता सरता ती पिवळी पडून आडवी झाली. मी घाबरले, रोज सकाळी कळशीभर पाणी घालू लागले. पौषात एक कंद उकरून पाहत होते, तेव्हा काकी गडग्यापलीकडून ओरडल्या, ‘‘अगो, तो मरूक नाय, निजलो हा! पाणी घालू नको तेका.’’ तोवर अर्ध्याहून जास्त कंद कुजून मऊ झाले होते. भुईचाफा पानांशिवाय, उन्हाळ्यात, थेट मातीतून फुलतो हे मी लहानपणी दर वर्षी पाहिलं होतं. मधल्या महिन्यांत तो कुठे असतो, हे आईला विचारावंसं मला कधी वाटलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

मिरीचंही तसंच. फणसावर चढवायला मी वरून लोंबणाऱ्या फांद्यांची छाटं आणली, कारण ती हाताला लागत होती. छाटं घ्यायची ती बुंध्याशी जमिनीवर सरपटणाऱ्या धुमाऱ्यांची, दोन-तीन पेरांची. चाळीसांतली सहा जगली. सोनटक्का गर्द सावलीत नुसता पानांनी माजला. न्हाणीचं पाणी जातं तिथे, सावलीच्या कडेला हलवला, तेव्हा कुठे गौरींना फुलं मिळाली.

पण मन खातं ते कळलावीचं. सड्याच्या वाटेवर जुन्या गडग्यात तिचे तीन वेल होते, आषाढात पिवळ्या-लाल ज्वाळांसारखे फुललेले. ऐन फुलात मी ते पारईने काढले. तिचा कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा आणि ठिसूळ असतो. संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते त्यावरूनच. कोंब टोकाला असतो, ते टोक मोडलं की कंद उगवत नाही. माझ्या हातून दोन मोडले. शिवाय फुलाच्या दिवसांत जुना कंद आटत असतो आणि पुढच्या वर्षीचा नवा नुकता भरत असतो. म्हणजे मी त्या वेलांचं चालू वर्षही घेतलं आणि पुढचंही. वर ते कंद रात्रभर स्वयंपाकघरात आल्याच्या टोपलीशेजारी ठेवले. कळलावी सगळीच विषारी, आणि कंद तर जीवघेणा. सकाळी काकींनी ते पाहिलं आणि काही न बोलता टोपलीतलं आलंसुद्धा फेकून दिलं. त्यांचा तो चेहरा मी विसरलेले नाही.

तिसरा कंद फणसाखाली लावला. तिला कडेचं ऊन लागतं. तिथे तो आलाच नाही.

आता पातेरा जिथे पडतो तिथेच राहतो. भुईचाफ्याच्या जागी मी काठ्या रोवून ठेवल्या आहेत, पौषात कुणी चुकून उकरू नये म्हणून. दोन वर्षांपूर्वी सड्यावरच्या दुसऱ्या एका वेलाची बोंडं फुटली, तेव्हा थोडं लाल बी घेऊन त्याच जुन्या गडग्याच्या फटीत पुरलं. बियाच्या वेलाला फुलायला तीन-चार वर्षं लागतात. यंदाच्या पावसात तिथे दोन कोंब दिसले, गवताच्या काडीएवढे. भोवतीचं गवत मी काढलेलं नाही.