आजीचा चंद्र

पौर्णिमेच्या संध्याकाळी मी आजीबरोबर भुईगावच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनाशी बसत असे. समोर सूर्य समुद्रात उतरे आणि पाठीमागे केळीच्या वाड्यांवरून चंद्र वर येई. ओहोटीचे पाणी दूरवर गेलेले असे. "आज पुनव. रात्री बाराच्या सुमाराला पाणी भरेल," आजी म्हणे. तिच्यापाशी घड्याळ नव्हते; तिथी मात्र तोंडपाठ होत्या. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, हे तिला पुस्तकावाचून ठाऊक होते. मग ती मला चंद्रावरचा ससा दाखवी.

सातवीत गेलो आणि मी शहाणा झालो! "आजी, तो ससा नव्हे. थिजलेल्या लाव्हाची काळी मैदाने आहेत ती. तिथे हवा नाही, म्हणून आवाज नाही. भरदिवसाही आकाश काळेच. तुझी सहा पायली भाताची टोपली तिथे एका पायलीएवढी हलकी लागेल. आणि तू ज्याला शीतल म्हणतेस ना, तो दुपारी १२० अंशांपर्यंत तापतो. रात्री शून्याखाली १३० अंश! तिथला दिवस आपल्या चौदा दिवसांचा आणि रात्रही तेवढीच."

आजी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग एवढा समुद्र ओढतो कोण?"

"चंद्रच. पावणेचार लाख किलोमीटरांहून अधिक अंतरावरून."

"असं होय!" ती एवढेच म्हणाली. पुढे तिने मला ससा कधीच दाखवला नाही. ते अजूनही मनाला बोचते.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ अलगद उतरले. त्यानंतर चारच दिवसांनी बातमी आली. यानावरच्या उपकरणाने तिथल्या मातीत शिरून तापमान मोजले होते. वर पन्नास अंशांहून अधिक ऊन. पण केवळ आठ सेंटिमीटर खाली शून्याखाली दहा अंश! ती माती इतकी भुसभुशीत आहे की उष्णता आत उतरतच नाही. म्हणजे वीतभरही न खणता आजीचा शीतल चंद्र सापडला. हे ऐकायला आजी मात्र नव्हती.

यान उतरले त्या संध्याकाळी मी किनाऱ्यावर गेलो होतो. भांगाचे दिवस, समुद्राला जोर नव्हता. ढगांच्या फटीतून अर्धा चंद्र दिसला. त्यावर सशाचे डोके आणि कान तेवढे उजळले होते.