डार्लिंगकाठचं बर्क

सोमवार
सिडनीहून डबोपर्यंत रेल्वे, पुढे बस. बस पाऊण तास उशिरा. जेवण २२ डॉलर, पाणी ४, चहा ५. चहा पाणचट. नाईंगननंतर रस्ता नाकासमोर सरळ, दोन्हीकडे लाल माती. बर्कला उतरल्या उतरल्या माश्या, डोळ्यांत, ओठांवर. पाय सुजलेत. झोपते.

मंगळवार
माश्या. चहा आजही पाणचट.
सकाळी डार्लिंग नदीच्या धक्क्यावर गेले. लाकडी, तीन मजली, जुन्यासारखाच नव्याने उभारलेला. तीन मजले अशासाठी, की नदी कमी-जास्त झाली तरी माल चढवता यावा. ही नदी मुळात न्गेंबा आणि बार्किंजी आदिवासींची. १८३५ साली सर्वेक्षक थॉमस मिचेलने इथून जवळच ओंडक्यांचा कोट उभारला आणि त्याला गव्हर्नर बर्कचं नाव दिलं. पुढे वाफेच्या बोटी लोकरीच्या गासड्या भरून खाली जात. पाणी आटलं की महिनोन्‌महिने रुतून बसत. १८८५ साली रेल्वे आली आणि लोकर सिडनीकडे वळली.
एक आजोबा गळ टाकून बसले होते. कार्प लागला, हातभर लांब, जाड खवल्यांचा. हा बाहेरून आणलेला मासा तळ ढवळून पाणी गढूळ करतो. त्यांनी तो परत सोडला नाही, काठावर ठेवला. लहानपणी इथे मोठे कॉड मिळायचे, म्हणाले. मग वरच्या अंगाला हात केला: तिकडे कापूस, तिकडे पंप. मी बराच वेळ तिथेच बसले. ज्या नदीने गाव वसवलं तिचं पाणी गावाला उरलंसुरलं मिळावं, हे मला अजिबात पटत नाही. माझ्याकडचा चिवडा त्यांना दिला. तिखट लागला, तरी संपवला.

बुधवार
जेवण १९. सायकल भाड्याने १५. नॉर्थ बर्कचा पूल, १८८३ सालचा. बोटी जाव्यात म्हणून मधला भाग वर उचलायची सोय. १९९७ पासून वाहतूक बंद. ऊन फार. पाय दुखतात.

गुरुवार
दफनभूमीत पत्र्याची एक मशीद आहे, एखाद्या खोलीएवढी. शेजारी उंटवाल्यांच्या कबरी. सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांतले कित्येक बलुचिस्तान-पंजाबातून आलेले. जिथे बोट पोचत नसे तिथे त्यांचे उंट माल नेत. ती नावं वाचताना आपल्या बाजूची माणसं इतक्या दूर मातीत आहेत याने गलबलून आलं.
त्याच आवारात डॉ. फ्रेड हॉलोज. खुपऱ्यांनी आंधळे होत चाललेल्या आदिवासींचे डोळे त्यांनी १९७०च्या दशकात या भागात तपासले. १९९३ साली गेले. त्यांच्याच इच्छेने त्यांना इथे पुरलं.

शुक्रवार
जेवण २१, धुलाई ८. लेखक हेन्री लॉसन १८९२ साली पाच पौंड आणि एकेरी तिकीट घेऊन इथे आला होता. त्याच्या कथा मिळाल्या, ६ डॉलर. उद्या ब्रेवरिनाला, आदिवासींचे दगडी मासेबंधारे बघायला. शंभरेक किलोमीटर. खानावळीच्या मावशी त्यांच्या गाडीने नेणार आहेत. पेट्रोलचे पैसे घेत नाहीत.

(क्रमशः)